अंबाड्याची जागा

ठाकुर्ली, ८ एप्रिल

चि. शिवानीस आजीचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला नुसती खरखर ऐकू येते, म्हणून पत्रच बरं. शेजारचा काळुराम आइस्क्रीमची गाडी घेऊन तुमच्या कोल्ड स्टोरेजला येतो ते एक सोयीचं झालं. तू माझ्याकडे काहीतरी मागितलंस, अगं मला केवढा आनंद! सरोजला तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचून दाखवलं. तुझी आई ती, ऑफिसातून येऊन चपलांसकट भिंतीला टेकलेली. म्हणाली, आई, कळलं हो एकदा.

तर टोपी. कंपनीची टोपी पाळीपाळीने सगळ्या पोरींच्या डोक्यावर फिरते, कायम ओली असते, त्याने तुझा कान ठणकतो, आणि आणखी एक दांडी झाली तर कामावरून काढतील. एवढं वाचलं आणि तडक कल्याणला गेले. या उन्हात लोकरीची टोपी मागितली तर दुकानदार विचारतो, आजी, केदारनाथला का? म्हटलं, माझी नात रोज जाते, शहाडला.

टोपी आधी मानेवर घासून बघावी. टोचली तर घेऊ नये. कानावर दुहेरी हवी. तुझा अंबाडा माझ्या दुप्पट, म्हणून मी माझ्या अंबाड्यावर बाजाराची पिशवी गुंडाळली आणि मग एकेक टोपी घालून बघितली. लोक बघत होते. बघेनात का.

धुताना रिठ्याचं कोमट पाणी घे. पिळू नकोस, पंच्यात गुंडाळून दाब. खिळ्याला टांगलीस तर लांबेल. पालथ्या डब्यावर घालून सावलीत वाळव.

संक्रांतीपासून आली नाहीस. एवढा कसला गं ओव्हरटाइम? डोक्याला तेल लावायला तरी ये.

दाराकडे डोळे लावून बसलेली,
तुझी आजी

शहाड, १३ एप्रिल

ती. आजीस शिवानीचा सा. न.

टोपी मिळाली. मऊ आहे, जराही टोचत नाही. पण ती डोळ्यांवर येते. आतल्या खोलीत ट्रे उचलताना सारखी वर सारावी लागते. सुपरवायझर विनिता मॅडम म्हणाल्या, माल सांभाळतेस की टोपी? मागून रबर बांधून बघितलं, सुटतं. कान परत दुखतोय. रजा मागितली नाही.

आजी, टोपी मोठी नाहीये. मी केस कापलेत. अगदी बारीक. आत थंडी, बाहेर घाम, केस वाळायचेच नाहीत, डोकं जड व्हायचं. संक्रांतीनंतर एकदा कामावरून सुटले, कापून टाकले आणि रूमवर येऊन झोपले. लहानपणापासून दर रविवारी तू त्यांना तेल लावलंस, म्हणून यायला धीरच होईना. ओव्हरटाइम होता, पण रविवारी नव्हता. खूप दमलेय गं. रागव, पण उत्तर दे.

तुझीच,
शिवानी

ठाकुर्ली, १५ एप्रिल

चि. शिवानीस आजीचे आशीर्वाद, पहिल्याइतकेच.

पत्र वाचून आधी गॅस बंद केला आणि खाली बसले. थोडी रडले, खोटं कशाला लिहू? सरोजला सांगितलं तर तिला माहीतच! तू तिला फोनवर दाखवलंस म्हणे. दोघींनी मिळून म्हातारीला बनवलंत, छान. मग मात्र हसू आलं. भर बाजारात डोक्याला पिशवी बांधून मी तुझे नसलेले केस मापत होते!

रागावलेय, पण केसांसाठी नाही. इतके दिवस कान धरून एकटी पडून राहिलीस त्यासाठी. दोनच स्टेशनांवर तर आहेस गं. केस काय, वाढतील. कान गेला तर कुठून आणायचा? सरोजने रविवारी सकाळचा डॉक्टरचा नंबर लावलाय, म्हणजे दांडीही पडायची नाही.

येताना टोपी आण. मागची शिवण उसवून आत घेते. पण आता अंदाजाने काही करणार नाही. तुझं डोकं समोर असल्याशिवाय मी सुईत दोरासुद्धा ओवायची नाही.

तुझीच,
आजी