डाव्या दाराला मारलेली गाठ

बदनापूर, मंगळवार

आज या वहीत लिहायला उशीर झाला, माफी असावी. रोज दिवेलागणीला बसतो, पण आज नजर फोनवरून हलेना.

मुलगा महेश गाडी घेऊन सासरवाडीला अंकुशनगरला गेला. मागच्या सीटवर सून आणि तान्ही नात. त्या गाडीचं मागचं डावं दार चालता चालता टक वाजतं आणि लॉक आपोआप उघडतं. मी म्हणालो, फ्यूज गेला. मस्तगडचा वायरमन हसला.

"काका, फ्यूज गेला असता तर एकही दार वाजलं नसतं. बिजागरीपाशी वायरी सोलल्या असतील, एकमेकीला लागून राह्यल्या. नव्या टाकू, उद्या या."

महेशला उद्यापर्यंत दम कुठं! घरीच टेप गुंडाळून मोकळा झाला. दार उघडताना वायर वाकते, तिथंच. टेप किती टिकणार? बोललो तर म्हणतो, "आबा, ही विहिरीवरची मोटार न्हाई."

मंग मीच सुतळी घेतली आणि दाराची मूठ पुढच्या सीटला बांधली. सून हसली, "आबा, कडबा बांधला का काय?" पण राहू दिली, आणि उजवीकडं बसली.

तेव्हा बरं वाटलं. आता वाटतं, वाटेत काही झालं आणि त्याच दारानं उतरावं लागलं तर? सुरगाठ मारायची, घाईत निरगाठ मारली. बैलालासुद्धा आपण कधी निरगाठ मारत न्हाई.

सूनबाई, पोचल्याबरोबर फोन कर. टक वाजलं का ते मागून सांग. आधी ती गाठ काप.