रामनाथशेठचे स्पीकर

कोन, ता. भिवंडी
८ फेब्रुवारी २०२५

प्रिय हेमाली,

कशी आहेस? हॉस्टेलचं जेवण सुधारलं का? मी बरा आहे. आता खरं सांगतो, हे पत्र दिवाळीपासून राहतंय. तू म्हणालीस, "फोनवर तू नुसती टवाळी करतोस, काय ते लिहून पाठव." मी वही आणली, पेन आणलं आणि दुकानातल्या वायरी गुंडाळत बसलो. पेनही असलं, मध्येच सुकतं.

गोदामातलं काम सोडलं ते तुला माहीत आहे. नंतरचं टेम्पोचंही सोडलं. आता कल्याण रोडला हरेशभाईंच्या दुकानात आहे आणि, हसू नकोस, अजून टिकलोय. घरात लावायचे भारी स्टिरिओ आम्ही जुळवून देतो. कुठल्या स्पीकरला कुठला ॲम्प्लिफायर चालेल ते बघायचं. पत्रिका बघतात तसंच, फक्त इथे मुलीकडचे रुसत नाहीत. ते जाऊ दे.

वडप्याचे रामनाथशेठ, तुझ्या बाबांचे दोस्त. त्यांची जमीन गोदामाला गेली, बंगला झाला आणि हॉलमध्ये माझ्या उंचीचे स्पीकर आले. ॲम्प्लिफायर त्यांनी स्वतः पसंत केला. काचेच्या नळ्यांचा, पेटला की बघत राहावं असा. पण ताकद बेताची, आणि ते स्पीकर करंट खाणारे. हरेशभाई म्हणाले, जुळणार नाही. शेठ म्हणाले, "आवाज आला म्हंजे झालं." आणि आपल्याकडे आवाज म्हणजे हळदीच्या रात्रीचा, गावभर जाणारा. पुतण्याच्या हळदीला त्यांनी खिडक्या उघडल्या, स्पीकर अंगणाकडे वळवले आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं. बारीक आवाजाचे छोटे स्पीकर असतात ना, ट्विटर, ते दोन्ही जळाले.

"तुमचा माल पोकळ हाय," शेठ मला म्हणाले.

"माल चांगलाय शेठ, ॲम्प्लिफायरला दम नाही. दम नसताना ओरडायला लावलं की आवाज फाटतो, आणि फाटका आवाजच स्पीकर जाळतो."

"म्हंजे मोठा घेतला तर न्हाय जळनार? उलटंच सांगतो हा."

त्यांची बायको, पुतळाबाई, आतून म्हणाली, "उलटं कुठं? तुमीबी दम संपला का जास्त वरडता."

मोठा आणला. दोघांनी मिळून उचलावा लागला. नवे ट्विटर बसवले. आता तपासायला काहीतरी लावायला हवं. हरेशभाई परदेशी वाद्यांचं लावतात, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मला माझ्या ओळखीचा आवाज लागतो. तो खरा कसा होता हे माहीत असेल तरच स्पीकर खोटं बोलतोय का ते समजतं.

हे तुला सांगायचं की नाही, इथेच माझं पत्र अडत होतं. मी व्हिडिओवाल्याकडे कामाला होतो तेव्हा माझ्या चुलत बहिणीच्या, सुकन्याच्या लग्नात माईक माझ्या हातात होता. तुझी आई मांडवात बसून लग्नातले धवळे म्हणत होती. आई वारली त्याच्या आदल्या वर्षीचं हे. ते रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. प्रत्येक घरी मी त्याच्यावरच जुळवणी करतो. तू मागशील, ऐकशील, आणि तिकडे एकटी रडत बसशील म्हणून बोललो नव्हतो.

शेठकडे तेच लावलं. बटण जेमतेम फिरवलं होतं. ओळ उचलायच्या आधी तुझी आई श्वास घेते, तो ऐकू आला. मग बांगड्या. पुतळाबाई डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली, मांडवात राहतात तशी. शेठनी आवाज ओळखला, म्हणाले, "तुळजाच ना ही?" आवाज वाढवा म्हणाले नाहीत. धवळा संपल्यावर म्हणाले, "सावळारामला सांगाया पायजे."

मी म्हटलं, हेमालीच्या बाबांना नको. तुझे बाबा माझ्याबद्दल काय म्हणाले होते ते आठवतं ना? "याच्या चपला एका दारात महिनाभर दिसल्या तर मला बोलवा."

संध्याकाळी काम सुटलं की वाट वाकडी करून वडप्याच्या नाक्यावर उभा राहतो. नाशिककडे कंटेनर चाललेले असतात. कशातही चढता येईल, सकाळपर्यंत तुझ्या हॉस्टेलच्या फाटकाशी. पूर्वी चढलोच असतो. आता चहा पितो आणि कोनला येतो, कारण दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचं असतं. तुझी आठवण येते हे लिहायला किती पानं घातली बघ.

तर तुझा प्रश्न. घरी स्थळं बघतायत, आणि तू फोनवर विचारलंस, "मी थांबू का?" मी म्हणालो, रेंज नाही. रेंज होती. थांब, हेमाली. माझ्याकडे दाखवण्यासारखं अजून काही नाही, पण थांब.

इथवर लिहिलं आणि दुकानाच्या दारात तुझे बाबा. एकटेच.

"रामनाथनं पत्ता दिला. तुळजाचा आवाज हाय म्हनं तुज्याकडं," एवढंच म्हणाले. मग वहीकडे बघून, "कोनाला लिवतोस?"

हरेशभाईंचा हिशोब, असं तोंडाशी आलं होतं. पण म्हटलं, "हेमालीला."

ते आत आले. स्टुलावर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मंग पुरं कर. मी बसतो."

बसलेत. पुढचा शब्द त्यांच्यासमोर लिहितोय.

तुझा,
भूपेश