वेताळानं दिलेला हात

आबा, परवा मिसिसिपीत तुमच्याच वळणाचा एक माणूस भेटला. म्हणजे फोटोत. तोही तुमच्यासारखाच मरून गेलेला. ऑफिसच्या कामाला ॲन आर्बरहून ड्राइव्ह करत निघालो होतो. लेकीला सुट्टी होती, म्हणून तिला आणि आईलाही बरोबर घेतलं. दुपारी रस्त्यावरच्या एका हॉटेलात जेवायला थांबलो. मालक म्हातारा, काळा, बोलघेवडा. भिंतीवरच्या गिटारवाल्याकडं बोट करून सांगायला लागला. ह्याला आधी काही म्हणजे काही वाजवता येत नव्हतं, लोक हाकलून द्यायचे. मग गडी गायब झाला आणि परतला तो असा वाजवत, की ऐकणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. लोक म्हणाले, चौरस्त्यावर जाऊन सैतानाला आत्मा विकून आला. दुसरा कुणी गिटारवाला समोर असला की हा भिंतीकडं तोंड करून बसायचा. पुढं कुणाच्या तरी बायकोच्या नादी लागला, नवऱ्यानं दारूत विष घातलं. जनावरासारखा चार पायांवर रांगत, केकाटत मेला. "सैतानानं आपला माल नेला," म्हणून म्हातारा हसला. मला हसू येईना.

कारण तुम्हीही तशीच पाठ फिरवून ढोलकी वाजवायचात. दुसऱ्या फडाचा ढोलकीवाला तमाशाला आलेला दिसला, की तुम्ही फिरून बसलातच. आपला हात, म्हणजे वाजवायची ढब, चोरतील ही एवढी भीती! लोकांना मात्र वाटायचं, वेताळानं ह्याला हात दिलाय, तोच समोर बसून ऐकतो. मी एकदा पुढून वाकून बघितलं तर तुम्ही तांब्या फेकून मारलात. भुवई फाटली. आईनं हळद दाबली, तर तिच्या पोटात लाथ. तुमची ढोलकी ऐकून बाया-माणसं खुळी व्हायची आणि राहुटीत आम्ही दोघं तुमच्या पावलांचा आवाज आला की भिंतीशी लपायला जागा शोधायचो, आणि भिंतही कापडाची.

आणि ती पहाट. आदल्या दिवशी मी शेजारच्या फडाच्या ढोलकीवाल्याला तुमचा तोडा पत्र्याच्या डब्यावर वाजवून दाखवला होता. शाबासकी हवी होती, दुसरं काय! तुम्हाला कळलं. तुम्ही मला राहुटीच्या खांबाशी दाबून धरलंय, दोन्ही अंगठे गळ्यावर आहेत, तोंडाला दारूचा वास, "घरभेद्या, माझा हात विकतोस?" माझे पाय जमिनीला लागत नाहीत. मग अंधारी. शुद्धीवर आलो तेव्हा तुम्ही शिवेवर वेताळाच्या दगडापाशी पडला होतात, डोकं फुटलेलं. वेताळानं आपला हात परत नेला, गाव म्हणालं. पोलिसांनाही तेच सोयीचं पडलं.

मी काय समजलो, ठाऊक आहे? हाताचं गुपित मी फोडलं, म्हणून वेताळ कोपला. म्हणजे तुम्हाला मीच मारलं. इंजिनिअर झालो, वेताळावरचा विश्वास गेला, पण हे काही गेलं नाही.

लेकीला हीच गोष्ट मी परीकथेसारखी सांगत आलो होतो. म्हाताऱ्याचं बोलणं तिनं आपल्या मोडक्या मराठीत आजीला समजावलं आणि म्हणाली, "आजी, सेम! आजोबांना पण डेव्हिलनी नेलं ना?"

आई मक्याची भाकरी मोडत होती. नातीला म्हणाली, "कशाचा वेताळ न् कशाचं काय. म्या मारलं त्यास्नी. वरवंटा घातला डोस्क्यात. तुझ्या बापाची जीभ भाईर आल्ती, काळी पडल्याली. दोन घातलं. मग फडातल्या बाया उचलू लागल्या, दगडापाशी नेऊन टाकलं."

"व्हॉट?" लेक माझ्याकडं बघायला लागली. मी आईकडं. इतकी वर्षं का नाही सांगितलंस, मी विचारलं.

"तू इचारलंस कवा? वेताळ वेताळ करीत हुतास. मला वाटलं, पोराला बापाचं तेवढं तरी चांगलं ऱ्हाऊ दे."

आबा, हे पत्र कुठं पाठवायचं नाही. पाठवायचं असतं तरी तुम्ही ते फाडलंच असतंत. तुमची दया यायला हवी होती, फुटलेलं डोकं डोळ्यांपुढं यायला हवं होतं. नाही आलं. मी नव्हतं मारलं, एवढंच डोक्यात घुमत होतं, मी नव्हतं मारलं. आईनं ताट माझ्याकडं सरकवलं, "खा, निवतंय." मला सडकून भूक लागली होती. मी जेवलो, आबा. पोटभर जेवलो.