'खाडीपार' हा खेळ आणि माझ्या इतर चीजवस्तू यांची व्यवस्था

॥ वज्रेश्वरी माते, लिहिलेला शब्द खरा ठेव ॥

मी, श्रीमती जानकीबाई केसरीनाथ तरे, वय वर्षे ५८, काम घरसंसार, शिक्षण मॅट्रिक, मूळ गाव अंजूर, हल्ली राहणार टेमघर, भिवंडी, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. पुढल्या महिन्यात माझ्या छातीचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजी नको, पण दूध वर यायच्या आधी गॅस बंद करणारी मी बाई आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. थोडेफार मुलगा प्रितेश याचे होते, ते मी मानलेले नाही. वकीलसाहेब टाइप करून देणार होते, पण पानामागे पैसे घेतात म्हणून हाताने लिहिले.

कलम १. टेमघरचा फ्लॅट प्रितेशला मिळावा. देवघराशेजारची छोटी खोली मात्र मुलगी मृणाली हिच्यासाठी कायम मोकळी ठेवावी. तिथे जुन्या गाद्या रचू नयेत. मुलीला माहेरी येऊन हॉलमध्ये झोपावे लागले तर ते माहेर कसले.

कलम २. अंजूरला आमच्या भातशेतीवर आता गोदाम उभे आहे. त्याच्या भाड्यातला माझा हिस्सा दोघांना निम्मा निम्मा.

कलम ३. दागिने मृणालीला. नथ सून करिष्मा हिला. तिने लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात माझ्या वरणाला "पाणी" म्हटले होते, ते मी विसरलेले नाही. तरी नथ तिलाच द्यावी. वरण खरोखर पातळ असते.

कलम ४. माझ्या तेराव्याला मांडव घालू नये. वज्रेश्वरीला एक साडी द्यावी, सुती, नायलॉनची नव्हे.

कलम ५. आता खेळाबद्दल.

माझ्या मालकीचा 'खाडीपार' नावाचा व्हिडिओ गेम आहे. होडीतून लग्नाचे वऱ्हाड खाडीपलीकडे न्यायचे, वाटेत भरती, चिखल, वारा, असा तो खेळ. मालकीण असून मी दुसऱ्या धक्क्यापुढे कधी गेलेली नाही. हा खेळ मृणालीने केला. सुरुवात केली तेव्हा ती सतरा वर्षांची, कायद्याने अज्ञान, म्हणून बँकेचे खाते, करार आणि मालकी माझ्या नावावर झाली. पुढे बदलायचे राहून गेले.

पैसे आमच्याकडे नव्हते. तिने इंटरनेटवर वर्गणी मागितली. आठशे बारा लोकांनी दिली. त्यातले बहुतेक परदेशातले, ज्यांनी अंजूर काय, भिवंडीही ऐकलेली नव्हती. मी त्यांची नावे वहीत उतरवून घेतली. अर्धी नावे मला उच्चारता येत नाहीत, पण संध्याकाळी दिवा लावताना वही देवापुढे ठेवत असे.

खेळात गाणी आहेत ती माझ्या सासूबाई गोदूबाई यांच्या आवाजात. त्या अंजूरच्या धवलारीण होत्या. आमच्यात लग्न लावताना धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, म्हणणारी बाई असते, ती धवलारीण. त्यांना एकवीस धवले येत होते. नातीने फोन पुढे धरला म्हणून नऊ म्हणाल्या. बाकीचे मागितले तर म्हणाल्या, "माजं धवलं माज्याबरोबर जातील. कुनाला न्हाय दिवाची." दोन हजार वीस साली गेल्या, आणि बारा धवले खरोखरच घेऊन गेल्या, असे आम्ही धरून चाललो.

खेळ बाहेर आला, बरा विकला गेला. मृणालीचे शिक्षण त्यावर झाले. मग ती पुण्याला नोकरीला लागली, फोन नवे आले, आणि गेल्या वर्षापासून नव्या फोनवर खेळ उघडेनासा झाला. वर्गणीदारांची पत्रे आली. फिनलंड देशातल्या एका बाईने लिहिले की तुम्हाला वेळ नसेल तर सोर्स कोड खुला करा, आम्ही मिळून दुरुस्त करतो. सोर्स कोड म्हणजे खेळ ज्या लिखाणावर चालतो ते मूळ लिखाण. खुला करायचा म्हणजे ते कोणीही वाचावे, सुधारावे, वाटावे.

त्याच सुमारास मुंबईची एक कंपनी बावीस लाख द्यायला तयार झाली. होडी आणि खाडी ठेवणार होते. गाणी "बदलून टाकू" म्हणाले.

प्रितेश म्हणाला, "विकून टाक ना आई. लोकांनी पैसे दिले, त्यांना खेळ मिळाला, खल्लास. साबण घेतला म्हणून कोणी कारखान्याची चावी मागतं का?"

मी म्हटले, "साबण आधी दिसतो, मग पैसे देतात. यांनी जे नव्हतंच त्याला पैसे दिले."

यावर त्याने वाद सोडला, पण पटले म्हणून नाही, जेवण वाढले म्हणून.

मला वाटते ते असे. स्वतःच्या पैशाने केलेला खेळ कोणी कुलपात ठेवला तर त्याची मर्जी. वर्गणीचा खेळही करणाऱ्याचे पोट त्यावर चालत असेल तोवर बंद ठेवावा, त्यात पाप नाही. पण करणाऱ्याला त्याच्याकडे बघायला वेळ उरला नाही, तरी किल्ली कमरेला लावून बसायचे, हे मला देवळाच्या पैशाने विहीर खणून तिच्यावर झाकण घालण्यासारखे वाटते.

मृणाली विकायला तयार नव्हती, पण उघडायलाही नाही. "आई, त्यात माझा सतराव्या वर्षीचा कचरा आहे. मोठमोठे लोक बघून हसतील." तिची लाज मला समजते. पाहुण्यांना मी कधी ओट्याखाली बघू देत नाही.

श्रावणात अंजूरची हौसाबाई माझ्याकडे आली. तीही धवलारीण. एका लग्नात कोणी गायचे यावरून सासूबाई आणि ती सत्तावीस वर्षे बोलत नव्हत्या. दारातच म्हणाली, "गोदूचा आवाज तुज्या फोनान हाय म्हने?" माझ्या फोनवर उघडेना. माझ्या यजमानांचा जुना फोन, काच तडकलेली, तो चार्जरला लावून तिला ऐकवला. तिने तीनदा ऐकले. मग म्हणाली, "गोदू हितं अडकली गो. फुडला कडवा न्हाय गायला तिना." आणि ते कडवे तिने डोळे मिटून गायले.

मी विचारले, "तुम्हाला कसं येतं?"

"मना तिचं सगलंच येतान. कुडामागं बसून आयकलेलं. चोरी केली मी, काय करतीस? तिना दिलं असतं का?"

एकवीसच्या एकवीस. मी तिच्या पाया पडले. म्हणाली, "उठ गो, च्या टाक. साखर जरा दिसंल अशी टाक."

गणपतीत मृणाली आली आणि हौसाबाईचे बारा धवले रेकॉर्ड करून घेतले. ते खेळात घालायला तिने लॅपटॉपवर ते मूळ लिखाण उघडले. मी शेजारी लसूण सोलत होते. पडद्यावर इंग्रजी अक्षरांच्या मुंग्या. त्यांत मध्येच एक ओळ मराठी दिसली, ती मी वाचली:

'इथे आजी खोकते. काढायचं नाही.'

लसूण हातात तसाच राहिला. मृणालीने सांगितले, अशा ओळी यंत्र वाचत नाही, माणसांसाठी असतात. खेळणाऱ्यालाही दिसत नाहीत. मी म्हटले खाली जा. आणखी एक ओळ आली:

'आई म्हणते होडी वळताना बाहेरच्या अंगाला कलते. ती नवरी होऊन होडीतून आली होती. आईचं बरोबर. तीन दिवस वाया.'

हे मी कधी म्हणाले मला आठवत नाही. कणीक मळताना म्हटले असेन. आठशे बारा लोकांच्या होड्या माझ्या बोलण्याने कलत होत्या आणि मला पत्ता नव्हता. मी आयुष्यभर पूजा केली, पण अंगावर असा काटा फार थोड्या वेळा आला.

म्हणून माझी इच्छा: माझ्या मृत्यूनंतर 'खाडीपार'चे मूळ लिखाण, गोदूबाई आणि हौसाबाई यांच्या आवाजासकट, सर्वांसाठी खुले करावे. कोणी ते सुधारून विकले तरी विकू द्यावे, पण त्यानेही आपले लिखाण उघडे ठेवावे. मराठी ओळी काढू नयेत. हे काम मृणालीने करावे. लाज वाटली तर डोळे मिटून करावे.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मृणालीकडे.

सह्यांपूर्वीची नोंद

आज सकाळी वकीलसाहेबांच्या ऑफिसात सही करायच्या आधी मृणालीने वरील मजकूर बाकावर बसून वाचला. वकीलसाहेब विचारत होते, "बाई, उद्या कोणी नाव बदलून तुमचाच खेळ विकला तर?" मी म्हटले, वर लिहिलंय. तेवढ्यात मृणाली म्हणाली, "आई, तू गेल्यावर उघडायचं? म्हणजे खेळ दुरुस्त होण्यासाठी मी तुझ्या मरणाची वाट बघू का?"

"आणि तुझा कचरा?"

"आजीचा खोकला राहतो, तर माझा कचरापण राहू दे."

तिने पिशवीतून लॅपटॉप काढला, मालकीण म्हणून माझी परवानगी विचारली, मी हो म्हटले, आणि तिने लिखाण खुले केले. वकीलसाहेबांचा चहा यायच्या आत फिनलंडच्या बाईंनी प्रत घेतली. मी घाबरून विचारले, "आपल्याकडचं गेलं?" ती म्हणाली, "नाही आई. आहे तिथेच आहे." मी वाकून पाहिले. होते. शेजारणीला वाटीभर साखर दिली तरी मला डबा हलका लागतो. इथे चहा संपेपर्यंत अकरा जणांनी नेले आणि डबा होता तेवढाच भरलेला. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

सबब कलम ५ वर आडवी रेघ मारली आहे, खालचे वाचता येईल अशी. कारण, त्यासाठी आता माझ्या मरणाची गरज राहिलेली नाही. बाकीची कलमे कायम. रेघेवर माझी सही आणि दोन्ही साक्षीदारांच्या खुणा आहेत.

ठिकाण: भिवंडी
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

(सही) जानकीबाई केसरीनाथ तरे

आम्हां दोघींसमोर जानकीबाईंनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही:

१. हौसाबाई लहानू भोईर, अंजूर. डाव्या हाताचा अंगठा. (अंगठा देण्यापूर्वी विचारले, "यान माजं नाव हाय का, चोरीसकट?" आहे असे वाचून दाखवले.)

२. (सही) धम्मदिना बुद्धभूषण गायकवाड, शिक्षिका, टेमघर