दहा हजारांवर सात

तीर्थरूप दादास,

शेंडेफळाचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? (मागच्या पत्रात गुडघ्याला अख्खं पान आणि खोकल्याला अर्धी ओळ. गणिताच्या मास्तरांना हे वाटप शोभत नाही.) इकडे ह्यांच्या डोळ्यावरची पट्टी सुटली, देवकृपेने स्वच्छ दिसतं. डोळा उघडल्यावर पहिलं वाक्य काय, तर "अगं, छताला जाळी लागलीत!"

आता नवसाचं सांगते. हे आत ऑपरेशनला आणि मी बाहेर बाकावर. तिथेच देवाला शब्द दिला, की तुझं नाव दहा हजार वेळा लिहीन. मग वाटलं, एवढ्या मोठ्या कामाला गोल आकडा म्हणजे अंदाजपंचे, म्हणून वर सात घातले. रोज सारखीच नावं लिहीन, एकही कमी-जास्त नाही, आणि वही पुरी होईस्तोवर ह्यांची नजर तू सांभाळायचीस. (देवाशी बोलतानाही अटी स्पष्ट असाव्यात.)

घरी येऊन रोज किती, ते काढायला बसले. शंभर धरले, सात उरले. सात धरले, चार उरले. अकराला आठ, तेराला दहा. मग भाजी चुलीवर विसरून मी त्यातच रमले. दोनाने भाग गेला नाही म्हणजे चार, सहा, आठ यांना विचारायलाच नको, हे माझं मलाच सुचलं! असे गाळत गाळत शंभराच्या आत पंचवीसच आकडे उरले. पंचविसांनीही हात टेकले. त्यापुढचे? रोज शंभराहून जास्त लिहिली तर दिवस शंभराच्या आत येतात, आणि ते आकडे तर मी आधीच पाहिलेले. दादा, दहा हजार कसा भला माणूस, कुणालाही भाग देतो. त्याच्या सातव्या घरात हा असा ताठ कसा? आणि बाकावर बसून मला नेमका हाच कसा सुचला?

म्हणजे वाटा दोनच. सगळी नावं एका दिवसात, नाहीतर रोज एक. हे म्हणाले, एका दिवसात उरक, तेवढाच घरात शांत दिवस. पण मग दुसऱ्या दिवसापासून नजरेचं काय? म्हणून रोज एक. सत्तावीस वर्षं आणि जवळजवळ पाच महिने. "मी अठ्ठ्याऐंशीचा होईन!" हे ओरडले. म्हटलं, व्हा की, कोणी अडवलंय?

आज अठरावं नाव लिहिलं. वहिनींना नमस्कार, गुडघ्याला शेक.

तुझी,
धाकटी

ता. क. पत्राचं खरं कारण असं, की पंचवीस भागाकारांचा कागद सोबत जोडला आहे. त्र्याऐंशीला मी दोनदा अडखळले. एकदा नजर फिरव.

आणखी ता. क. कुठे भाग गेलाच, तर तू मोठा आहेस, पोटात ठेव. ह्यांना तर मुळीच सांगू नकोस.