हलक्या माणसाला जुना पट्टा

अब्बा, मागच्या रविवारी मी रिसॉर्टच्या स्वयंपाकघरातून कात्री मागून आणली आणि कामावरचे सगळे जुने हार्नेस कापून टाकले. तुम्ही असता तर आधी विचारलं असतं, "कुनाचे व्हते?" रिसॉर्टच्या मालकाचे, शेठचे होते. माझे नव्हते, कापायचा हक्कही नव्हता. हार्नेस म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. कमरेला आणि दोन्ही मांड्यांना आवळायचा तो पट्टा, ज्याच्या पुढच्या कापडी कडीत दोरी अडकवतात आणि माणूस कड्यावर लटकतो. चौक गावच्या पंचक्रोशीतल्या गॅरेजवाल्यांपैकी तो घालून लटकलेले तुम्ही एकटेच असाल. आठवडाभर मी घरात बसून आहे, हे आत पेपर वाचतात, आणि मला ज्याच्याशी बोलावंसं वाटतंय तो माणूस कधीचाच जमिनीखाली आहे.

मी आता मोहोपाड्यात राहते. ह्यांचं कंपनीतलं कंत्राट संपलं आणि परत मिळालं नाही, तेव्हापासून घर माझ्या नोकरीवर चाललं. कर्जतच्या पुढे नदीकाठी, तुमच्या वेळी जिथं भाताची खाचरं होती, तिथं एक रिसॉर्ट झालंय. आवारात सिमेंटची उंच भिंत उभी केलीय, तिच्यावर रंगीत खुंट्या ठोकल्यात. शनिवार-रविवारी मुंबईची मंडळी येतात, मी त्यांना पट्टा बांधते, डोक्यावर हेल्मेट घालते, खालून दोरी धरते आणि ती भिंत चढतात. तुम्ही हसाल. खरा डोंगर समोर दिसतो आणि लोक त्याच्याकडे पाठ करून सिमेंटवर चढतात. पण ह्यांचं काम सुटलं तेव्हा शेठनं मला एका शब्दावर ठेवून घेतलं. ह्यांच्या पोटाच्या ऑपरेशनच्या वेळी स्वतःची गाडी दिली. चांगल्या माणसाच्या नोकरीत माणूस जास्त अडकतो अब्बा. वाईट असता तर मी केव्हाच भांडले असते.

तुम्ही मला सामान घ्यायला मुंबईला घेऊन गेलात तो शुक्रवार मला अजून दिसतो. गॅरेज बंद, जुम्म्याची नमाज उरकून आलेले, डोक्यावर धुतलेली टोपी, आणि हातात कापडी पिशवी. पिशवीत काय आहे ते मला दुकानात पोचल्यावर कळलं. कॉलेजच्या गिर्यारोहणाच्या ग्रुपमधून मी वर्षभर दुसऱ्यांचे पट्टे बांधून चढले होते आणि मोठ्या कॅम्पला स्वतःचं सामान हवं होतं. अम्मीचं चुलत्यांची नावं घेऊन रडून झालं होतं. लोक काय म्हणतील, पोरगी माकडासारखी. तुम्ही भाकरी मोडत एवढंच म्हणालात, "पडली तर ती लोकं येनार हायत का धरायला? मंग धरनारी वस्तू आपनच घ्यावी."

दुकान पहिल्या मजल्यावर, एका अंधाऱ्या जिन्यानं वर. दुकानदार स्वतः चढणारा, काटक, एक बोट वाकडं. मी गेल्या गेल्या जांभळ्या शूजवर नजर लावली. तुम्ही मात्र पिशवीतून ट्रक ओढायचा लोखंडी हूक आणि काथ्याचा जाड दोर काढून काउंटरवर ठेवलात. मला जमीन दुभंगावी असं झालं.

"ह्याच्यानं मी भरलेला ट्रक खेचलाय," तुम्ही म्हणालात. "ह्याच्याहून मजबूत हाय काय तुमच्याकडं?"

तो हसला नाही. "चाचा, ट्रक ओढला जातो, माणूस पडतो. पडणाऱ्या माणसाला दोरीनं हळूच झेलावं लागतं, स्वतः थोडं ताणलं जावं लागतं. ह्या दोरावर पडली तर दोर नाही तुटणार, तिची कंबर मोडेल."

तुम्ही हूक आणि दोर परत पिशवीत घातलात. मग शाळेतल्या पोरासारखे एकेक वस्तू हातात घेऊन विचारत सुटलात. ही कडी ॲल्युमिनियमची का, लोखंडाची का नाही. हेल्मेट एवढं हलकं, ते डोक्यावरचा दगड अडवणार कसं. शिलाई कुठली, दोरा कुठला. त्यानं सगळं सांगितलं. दोरी ग्रुपची आहे ना, मग आत्ता नको. आधी हेल्मेट, मग हार्नेस, मग स्क्रूची कडी, आणि राहिलं तर शूज. मी शूजसाठी तोंड वाकडं केलं तर तुम्ही तिथंच सगळ्यांदेखत बोललात, "पाय घसरला तर डोकं वाचंल. डोकं फुटलं तर पाय कुनाला दावनार?" त्या वेळी मला फार लागलं होतं. दुकानात दुसरी मुलंही होती.

छताच्या तुळईला त्यानं एक दोरी बांधून ठेवली होती. "उभ्यानं सगळे पट्टे बरे वाटतात," तो म्हणाला. "लटकून बघायचं, मग घ्यायचा." मी लटकले. तुम्ही भोवती फिरून पाहिलंत आणि म्हणालात, "मी बी बघतो." नको नको म्हणेपर्यंत तुम्ही पँटवरून पट्टा चढवलात. पोट आत घेऊन बक्कल लावलंत. पाय जमिनीवरून सुटले तसे तुम्ही हसलात, अगदी झोपाळ्यावरच्या पोरासारखे, आणि मीही हसले. मग तुम्हाला खाली यायचं होतं. वजन पडल्यावर बक्कल सुटत नाही, ते तसंच बनवलेलं असतं. तुमची बोटं बक्कलावर गेली, पुन्हा पुन्हा गेली. हसू कधी गेलं ते मला कळलं नाही. चेहरा राखेसारखा झाला, मानेवर घाम. "सोड," तुम्ही म्हणालात. "सोड मला. ए, सोड." आवाज तुमचा नव्हता. त्या माणसानं खांदा तुमच्या खाली घालून तुम्हाला उचललं आणि मी कडी काढली. तुम्ही स्टुलावर बसलात, पाणी मागितलंत. टोपी खाली पडली होती, ती झटकून घातलीत. मी पुटपुटले, "अब्बा, दुसरा बघू या." तुम्ही मान हलवलीत. "ह्योच दे. ह्यो सुटत नाय."

परतीच्या एसटीत पनवेल मागे पडल्यावर तुम्ही बोलायला लागलात, खिडकीकडे बघत. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. ट्रकखाली झोपून काम करत होतात आणि जॅक घसरला. ट्रक खाली आला तो बाजूला पडलेल्या जुन्या टायरवर टेकला, तुमच्या छातीवर दाबून थांबला. ओरडायला श्वास भरत नव्हता. पलीकडच्या ढाब्यावर लोक चहा मागवत होते, कुणीतरी क्रिकेटच्या गप्पा मारत होतं, ते सगळं तुम्हाला स्पष्ट ऐकू येत होतं. त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं की तुम्ही तिथं आहात. शेवटी कुणीतरी हवा भरून घ्यायला आला आणि त्याला तुमचे पाय दिसले.

"तो टायर मी ठेवला नवता," तुम्ही म्हणालात. "पडलावता आपला." मग म्हणालात, "जॅक गळत हाय ह्ये मला म्हाईत व्हतं. रोज तेल पुसून वापरत व्हतो. आज भागवू, उद्या नवा घिऊ." मी विचारलं, अम्मीला माहीत आहे का? तुम्ही म्हणालात, "तिला सांगून काय? तिला बी ट्रकखाली घ्यायचं काय?"

त्यानंतर दुसरा उन्हाळा तुम्ही पाहिला नाहीत. मला कड्यावर तर तुम्ही एकदाही पाहिलं नाहीत. घाटातल्या वाड्यांच्या वरचे कडे मी तुमच्या त्या पट्ट्यात चढले, लग्न झालं तरी काही वर्षं चढले, मग मुलं, मग ह्यांची ड्यूटी, मग काही नाही. पट्टा पेटीत राहिला. पुढं तो बाहेर काढला तेव्हा बघायला नवाच होता, पण पट्टा नुसता पडून राहिला तरी म्हातारा होतो, हे मला शिकवलेलं होतं. मी तो कचऱ्यात टाकण्याआधी दोन तुकडे केले, दुसऱ्या कुणी उचलून वापरू नये म्हणून. स्वतःच्या वस्तूच्या बाबतीत मी अशी कडक होते.

रिसॉर्टचे पट्टे उन्हातच लटकत असायचे. लाल होते ते गुलाबी झाले होते. पुढच्या कडीची शिलाई पिंजली होती, बोट फिरवलं की दोऱ्याची लव हाताला लागायची. मी शेठना सांगितलं. ते म्हणाले, "ताई, दिवाळीनंतर घेऊ." दिवाळीनंतर सांगितलं तेव्हा म्हणाले, "सीझन चालू आहे, मध्येच बंद ठेवणार का भिंत? आजवर काही झालंय का तुमच्या हातून?" झालं नव्हतं. तीच तर पंचाईत होती. मग मी माझी एक पद्धत बसवली. त्यातल्या त्यात बरे पट्टे वेगळ्या खुंटीवर ठेवले. जाडजूड माणूस आला की बरा पट्टा, हडकुळा आला की जुना. जुन्यावर कमी वजन पडावं, एवढाच हिशोब. संध्याकाळी घरी येताना रिक्षात मला वाटायचं, बाई, तू किती विचार करून काम करतेस.

त्या रविवारी एक बाई तिच्या मुलीला घेऊन आली. मुलगी आठ-नऊ वर्षांची असेल, पुढचे दात नुकतेच आलेले, पायात झगझगणारे शूज. मी तिला हेल्मेट घातलं, हनुवटीखाली पट्टी आवळली. मग माझा हात आपोआप जुन्या पट्ट्यांच्या खुंटीकडे गेला. त्यातला सगळ्यात लहान, सगळ्यात विटलेला मी काढला आणि तिच्या कमरेला लावला. आईनं मोबाइल वर धरून सहज विचारलं, "ताई, मजबूत आहे ना हा?"

मी "हो" म्हणायला तोंड उघडलं. किती जणांना म्हटलं होतं. आणि तेव्हा मला कळलं की सगळ्यात हलकी माणसं म्हणजे पोरंच असतात. माझ्या पद्धतीप्रमाणे सगळ्यात वाईट पट्टा महिनोन् महिने नेमका पोरांना मिळत होता. इतकं सरळ होतं आणि मला दिसलं नव्हतं. त्या क्षणी तुमचा जॅक आठवला असं लिहिलं तर ते खोटं होईल. काहीच आठवलं नाही. फक्त तिच्या पोटापुढची ती पिंजलेली कडी दिसत होती आणि माझ्या तोंडून "हो" निघेना.

मी पट्टा सोडला. म्हटलं, "आज भिंत बंद आहे, बेटा." ती रडायला लागली. आई चिडली, पैसे भरलेत म्हणाली, ऑफिसकडे गेली. मी स्वयंपाकघरात गेले. तिथं वाडीवरची एक बाई भाजी चिरते, माझ्यासारखीच सकाळी लवकर येते. तिला म्हटलं, मोठी कात्री दे. तिनं माझ्याकडे बघितलं, "काय गं ताई, कुनाचा गला कापतीस?" आणि मासे साफ करायची कात्री धुऊन दिली. पट्टा कापायला सोपा नसतो अब्बा. जुना असला तरी दात लावून लावून कापावा लागतो. मी भिंतीच्या बुडाशी बसून एकेक कापत गेले, आधी कडी, मग कंबर. बरे होते तेही कापले, कारण तेसुद्धा बरे नव्हतेच.

शेठ आले तेव्हा शेवटचा माझ्या मांडीवर होता. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, "ताई, मी तुम्हाला बहिणीसारखं ठेवलं."

"म्हणूनच इतके दिवस भांडले नाही, शेठ."

"मला एक शब्द बोलायचात ना."

"बोलले होते. तुम्हीही ऐकलं होतं."

ते तुकड्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "घरी जा. उद्यापासून येऊ नका." मी कात्री धुऊन परत दिली आणि गेटपर्यंत चालत गेले.

तेव्हापासून हे घर आहे, ही दोन खोल्यांची जागा, खिडकीतून कंपनीच्या टाक्या, आणि संध्याकाळी वारा फिरला की रसायनांचा तो वास. हे शेठला दिवसातून दोनदा शिव्या देतात. "एवढं काम केलंस आणि कुत्र्यासारखं हाकललं." माझ्या बाजूनं बोलतात, म्हणून मी खोडून काढत नाही. पोळ्या लाटते. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणतो, अम्मी, तू हिरो आहेस. मला हिरो झाल्यासारखं काही वाटत नाही. कड्यावरच्या कुठल्यातरी कोनाड्यात पाठ टेकून बसल्यासारखं वाटतं, जिथून वरही जाता येत नाही आणि खालीही.

गुरुवारी स्वयंपाकघरातल्या त्या बाईचा फोन आला. "ताई, नवं पट्टं आलं. निलं हायती. लय भारी." मग म्हणाली, "शेठनं सोता घालून बघितलं." मी आनंदानं रडले, खोटं नाही सांगत. भिंत पुन्हा चालू होणार, आणि यापुढं कुठलंही पोर आलं तरी त्याच्या कमरेला नवा पट्टा असणार. एवढं मात्र झालं.

हे पत्र मी कुठं देऊ? चौकच्या कब्रस्तानात आम्ही बायका जात नाही. भाऊ जातो, पण त्याच्या हाती दिलं तर तो वाटेतच वाचेल, आणि एक गोष्ट त्यानं वाचायला नको आहे. काल दुपारी शेठचा स्वतःचा फोन आला होता. म्हणाले, "झालं गेलं सोडा ताई. सोमवारपासून या, भिंत तुमचीच आहे." मी गॅलरीत जाऊन दार ओढून घेतलं आणि नाही म्हणाले. त्यांनी कारण विचारलं, ते मला सांगता आलं नाही. पट्टा नवा असला तरी कुणाच्या आईला "हो, मजबूत आहे" म्हणायला मला आता तोंड उरलेलं नाही. आत आले तेव्हा ह्यांनी विचारलं, कुणाचा फोन? मी म्हटलं, गॅसवाल्याचा. घरात अजून सगळ्यांना वाटतं की मला शेठनं काढलं. मी त्यांना तसंच वाटू दिलंय.