नव्या टीव्हीतली पुटपुटणारी माणसं

३ जून, मंगळवार

टीव्ही आला एकदाचा! भिंतभर. ह्यांची छाती त्याहून रुंद. जुना डबा दुकानदार घेऊन गेला. सासूबाईंनी दहा मिनिटं पाहिलं आणि निकाल दिला— "ह्यातली माणसं पुटपुटतात." आणि आत निघून गेल्या.

५ जून, गुरुवार

ह्यांनी आवाज वाढवला. मग आणखी वाढवला. शेजारच्यांनी भिंत ठोकली! आई म्हणतात, "आवाज घेऊन काय चाटू? तोंडं नीट दिसू देत." एवढ्या मोठ्या पडद्यावर आणखी काय दिसायचं राहिलंय, म्हणून हे तडकले. नावं ठेवायला काहीतरी हवंच, असं मीही म्हटलं. मनात.

७ जून, शनिवार

आता म्हणतात, लेकीकडे जाते, तिच्याकडे अजून जुना टीव्ही आहे. बॅगसुद्धा काढली. टीव्हीपायी कोणी घर सोडतं का! संध्याकाळची मालिका आम्ही दोघी मिळून बघतो— म्हणजे दोघी मिळून तिला शिव्या घालतो. त्यातल्या सासूवर तर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त राग. आज एकटीने पाहिली. अगदी बेचव. त्या गेल्या तर मला करमायचं नाही. हे इथेच लिहिते, त्यांना सांगितलं तर डोक्यावर बसतील.

८ जून, रविवार

केबलवाल्याला बोलावलं. तो हसायलाच लागला. "वहिनी, पडदा नवा, पण त्यात येणारं चित्र जुनंच की. लहान फोटो ताणून भिंतीएवढा केला तर चेहरे फिसकटणारच." जुन्या डब्यात तेच चित्र लहान दिसायचं, म्हणून खपून जायचं म्हणे. निरखून पाहिलं— खरंच! नायिकेला नाक आहे, तोंडाच्या जागी नुसता चिखल. आणि आईंच्या कोपऱ्यातल्या खुर्चीतून तर सगळंच पांढुरकं. असले पडदे बाजूने बघायचेच नसतात. म्हातारी बरोबर होती, आम्हीच दीडशहाणे!

११ जून, बुधवार

एचडीचा बॉक्स बसला. आईंची खुर्ची मधोमध आणली. काय चित्र आहे! मालिकेतल्या सासूचा किडका दातसुद्धा दिसला. आई पूर्ण भाग बसल्या. "आता कसं स्वच्छ बोलतात," म्हणाल्या. बॅग पुन्हा माळ्यावर. मला इतकं बरं वाटलं की दोन वेळा चहा केला.

१५ जून, रविवार

मालिका चालू असताना फोन आला. टीव्हीचा आवाज बंद केला तो तसाच राहिला. बोलणं संपवून वळले, तर आई पोट धरून हसतायत! काय झालं म्हणून विचारलं. नायिका सासूला काय म्हणाली, ते त्यांनी शब्दन् शब्द सांगितलं. मुक्या टीव्हीवरचं.

रोज जेवताना त्यांच्या शेजारी बसते. आज समोर बसले, माझे ओठ त्यांना नीट दिसतील अशी.